‘पूर्ववत’ म्हणजे नेमके कशासारखे?

वाचकांचे प्रश्न : मेंदूचे आरोग्य

प्रश्न : मी २९ वर्षांची असून साताऱ्यातील एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे काम करते. मला ऑटिझम असल्याचे निदान चार वर्षांपूर्वी झाले. मार्चमध्ये भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून जात असताना गाडी खडीवरून घसरली आणि माझे डोके रस्त्यावर आपटले. हेल्मेट नव्हते. काही मिनिटे मला शुद्ध नव्हती. सीटी स्कॅनमध्ये काही आढळले नाही आणि दोन आठवडे विश्रांती घ्यायला सांगून मला घरी पाठवण्यात आले. आता चार महिने झाले. ट्यूबलाइटचा उजेड, मिक्सरचा आवाज, फोडणीचा वास, काहीच सहन होत नाही. बोलताना ओळखीचे शब्द सापडत नाहीत. पूर्वी मी दिवसभर चारचौघांत नीट वागून संध्याकाळी खोलीत एकटी बसत असे. आता दुपारपर्यंतच माझे बोलणे बंद पडते किंवा रडू कोसळते. गेली अकरा वर्षे मी रोजच्या पावसाची नोंद वहीत ठेवते. डोक्याला ताण नको म्हणून आईने ती वहीही उचलून ठेवली आहे. घरचे म्हणतात, ‘तुझा ऑटिझम वाढला.’ एका डॉक्टरांनी ‘हे तुमचे मूळचेच आहे’ असे सांगितले आणि आमचे व्यवस्थापक विचारतात, रिपोर्ट नॉर्मल आहे तर त्रास कसला? मी बरी होते आहे की नाही, हे मला कसे कळावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ‘स्वमग्नता’ हा शब्द टाळून ‘ऑटिझम’ म्हणता, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. स्वतःतच मग्न असणे असा अर्थ त्या मराठी शब्दातून निघतो आणि आपले पत्र वाचणाऱ्या कोणालाही तो आपल्याला लागू पडतो असे वाटणार नाही.

आधी घरच्यांच्या म्हणण्याविषयी. ऑटिझम ही मेंदूच्या घडणीतच असलेली, बालपणापासूनची गोष्ट आहे; डोक्याला मार लागल्याने तो होत नाही आणि वाढतही नाही. मग आपल्यात दिसणारा बदल कसला? आवाजांच्या गर्दीतून हवा तो आवाज निवडणे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहणे, बोलण्यापूर्वी वाक्य मनात जुळवणे, हात हलवावेसे वाटले तरी ते रोखून धरणे, ही सगळी कामे बहुतेक माणसांकडून नकळत होतात, पण आपल्याला ती लक्ष देऊन करावी लागतात. आपण ती वर्षानुवर्षे केलीत आणि त्याची किंमत रोज संध्याकाळी त्या एकट्या खोलीत चुकवलीत. डोक्याला मार लागल्यावर मेंदूची नेमकी हीच शक्ती, म्हणजे लक्ष टिकवण्याची आणि अनावश्यक ते गाळून टाकण्याची शक्ती, कमी पडू लागते. जी शिल्लक संध्याकाळपर्यंत पुरत होती ती आता दुपारीच संपते. झाकलेले उघडे पडले म्हणून घरच्यांना ते वाढल्यासारखे दिसते.

‘हे तुमचे मूळचेच आहे’ हे विधान मला अधिक काळजीचे वाटते. माणसाला आधीचे एखादे निदान असले की नव्या दुखण्याचे खापरही त्याच निदानावर फोडण्याची चूक आम्हा डॉक्टरांकडून होते आणि ऑटिझम असलेल्यांच्या वाट्याला ती फार वेळा येते. उलट बाजूची चूकही होते. नजरेला नजर न देणे, एकसुरी बोलणे किंवा प्रश्नाचे शब्दशः उत्तर देणे हे ज्यांचे नेहमीचेच आहे, त्यांच्या बाबतीत अपघातानंतर तेच मेंदूच्या इजेचे लक्षण समजले जाते. दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे. एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात अपघाताच्या आधीपासून असलेल्या गोष्टी लिहा आणि दुसऱ्यात अपघातानंतरच्या नव्या. ट्यूबलाइट आपल्याला पूर्वीही खुपत असेल, पण तेव्हा तिच्याखाली आठ तास काढता येत होते आणि आता अर्धा तासही निघत नाही, असा फरक वेळेसह नोंदवा. शब्द न सापडणे हे तर सरळ दुसऱ्या रकान्यात जाईल. भावालाही त्याच्या आठवणीप्रमाणे वेगळा कागद लिहायला सांगा, कारण स्वतःत झालेले काही बदल स्वतःला दिसत नाहीत. हे दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा. तपासणीच्या खोलीत शब्द अडले तरी कागद बोलेल.

व्यवस्थापकांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाचा भंग दिसतो. हिसक्याने मेंदूतील सूक्ष्म तंतूंवर आलेला ताण त्यात दिसत नाही. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मोजपट्टीवर ३ ते १५ गुण असतात आणि १३ ते १५ गुण असलेल्यांच्या इजेला ‘सौम्य’ म्हणतात. पण हा शब्द जिवाला धोका किती एवढेच सांगतो. पुढच्या महिन्यांत त्या माणसाला काय सोसावे लागेल, हे त्या शब्दात नाही. बहुतेक प्रौढ काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतात. काहींचा त्रास त्यापुढेही राहतो आणि आपण त्यांपैकी आहात. याचा अर्थ आता सुधारणा थांबली असा मुळीच नाही. अशा वेळी ‘डोक्याचा त्रास’ असे एकच गाठोडे न ठेवता ते सोडावे लागते. डोकेदुखी अर्धशिशीसारखी आहे का, मान आखडली आहे का, चक्कर आतील कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे येते का, जवळचे वाचताना दोन्ही डोळे एकत्र वळतात का, झोप मोडते का, मन खचले आहे का, हे सारे वेगवेगळे तपासले जाते आणि प्रत्येकावर वेगळा उपचार आहे. न्यूरॉलॉजिस्टबरोबरच तोलाचे व्यायाम जाणणारा फिजिओथेरपिस्ट आणि शक्य असल्यास रोजची कामे पुन्हा जमवायला मदत करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठावा. डोकेदुखीवर साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अशी काही महिने घेत राहिल्यास त्या गोळीमुळेच डोकेदुखी मागे लागू शकते, हेही ध्यानात असू द्या.

आता वहीविषयी. ती आजच परत मागून घ्या. आपल्या आईचा हेतू मायेचाच आहे आणि अनेक वर्षे आम्ही डॉक्टरसुद्धा अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला देत होतो. तो सल्ला आता बदलला आहे. खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींविषयी २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेतून जे निष्कर्ष मांडले गेले, त्यांनुसार पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती घ्यावी आणि त्यानंतर हळूहळू हालचाल व काम वाढवावे. ऑटिझम असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगेन. ज्याचा दिवस ठरलेल्या क्रमावर उभा असतो, त्याचा तो क्रमच काढून घेतला तर रिकामा वेळ ही विश्रांती राहत नाही, तो नवा ताण होतो. पावसाची नोंद हे आपल्या मेंदूला सवयीचे, कमी श्रमाचे आणि मन स्थिर करणारे काम आहे, म्हणून कामाकडे परतण्याची पहिली पायरी तीच असावी. सकाळी ठरलेल्या वेळी पर्जन्यमापक पाहणे, आकडा लिहिणे, मागील वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहणे, एवढे पुरे. मधल्या चार महिन्यांच्या नोंदी राहून गेल्या याचे आपल्याला फार वाईट वाटत असणार, हे मी समजू शकतो. भावाच्या मदतीने त्या वर्तमानपत्रांतून भरून काढता येतील, मात्र एका बैठकीत नव्हे.

किती काम झाले की थांबायचे, हे मात्र जाणिवेवर सोडू नका. थकवा, भूक, वेदना या शरीराच्या आतल्या खुणा ऑटिझम असलेल्या अनेकांना उशिरा कळतात. ‘थकल्यासारखे वाटले की थांबा’ हा सल्ला त्यांना उपयोगी पडत नाही, कारण वाटेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. त्यासाठी घड्याळ वापरा. वीस मिनिटे काम, दहा मिनिटे शांतता, बरे वाटत असले तरीही. त्रासाला ० ते १० मध्ये आकडा द्या. कामाने तो आधीच्यापेक्षा दोन अंकांपर्यंत वाढून तासाभरात उतरला तर हरकत नाही. त्याहून अधिक वाढला किंवा रेंगाळला तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करा. आपल्याला आकड्यांची सवय आहे, ही जमेची बाजू समजा. कानांत बोळे किंवा आवाज रोखणारे हेडफोन अवश्य वापरा, पण शांत खोलीत ते काढून ठेवा, नाहीतर कान साध्या आवाजालाही अधिक हळवे होतात. डोलण्याने आपल्याला बरे वाटत असेल आणि आता त्यानेच चक्कर येत असेल, तर ती सवय दडपण्याऐवजी हातांची एखादी हालचाल शोधा.

नोकरीबाबत थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे आणि दिव्यांगांना समान संधी देण्याचे धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करावे, असे त्यात म्हटले आहे. अर्जात ‘सहकार्य करावे’ असे मोघम न लिहिता नेमके मागा: काही आठवडे अर्धा दिवस, खिडकीजवळची जागा, तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना.

मी बरी होते आहे का, हा आपला मूळ प्रश्न. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यासारखे दिवसभर हसून बोलता येणे ही बरे होण्याची खूण आपण कधीही मानू नका. ते तर आपल्याला अपघातापूर्वीही फुकट मिळत नव्हते. दुसऱ्या रकान्यातील नोंदी महिन्यागणिक कमी होत असतील, तर आपण बऱ्या होत आहात. पहिल्या रकान्यातील गोष्टी राहणारच आहेत आणि त्या राहिल्या म्हणून उपचार फसले, असे कोणी म्हटल्यास हा अंक त्यांच्या हाती द्या.

प्रश्न : आमचा मुलगा १४ वर्षांचा असून त्याला ऑटिझम आहे व तो बोलत नाही. आठ दिवसांपूर्वी तो गच्चीच्या जिन्यावरून पडला. स्कॅन करून त्याला घरी पाठवले. तेव्हापासून तो भाकरी खात नाही, दुपारीही झोपतो आणि भिंतीवर डोके आपटतो, जे त्याने पूर्वी कधीच केले नव्हते. हे त्याच्या स्वभावाचेच आहे, असे नातेवाईक म्हणतात. काय करावे? — एक पालक, नागपूर

उत्तर : हे पत्र हाती आले त्याच दिवशी या पालकांना दूरध्वनी करून मुलाला पुन्हा रुग्णालयात नेण्यास सांगितले. फेरतपासणीत मेंदूत रक्तस्राव आढळला नाही; पण मागची एक दाढ पडताना चिरली होती, हे दंतवैद्यांनी पाहिल्यावर कळले. दाढेवर उपचार झाल्यावर डोके आपटणे थांबले. पालकांच्या संमतीने हे इथे लिहीत आहे, कारण अशा घरांतून येणारी पत्रे बरीच आहेत. न बोलणाऱ्या मुलाचे नवे वागणे ही वेदनेची तक्रार समजावी आणि कारण सापडेपर्यंत ती तशीच समजत राहावे. चेहरा आक्रसणे, पाय पोटाशी घेणे, आवडता पदार्थ नाकारणे, समजूत घातल्याने शांत न होणे, यांकडे पाहावे. बोट दाखवून ‘कुठे दुखते?’ असे विचारण्यावर विसंबू नये.

वारंवार उलटी, वाढती सुस्ती किंवा जागे करणे कठीण जाणे, एका बाजूची बाहुली मोठी दिसणे, चालताना एकीकडे झोल जाणे, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव येणे, आकडी येणे, यांपैकी एकही दिसल्यास पत्र लिहीत बसू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ऑटिझममध्ये आकडीचा आजार इतरांपेक्षा अधिक आढळतो आणि डोक्याला जबर मार लागल्यानेही ती शक्यता वाढते. आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा मार नुकताच लागलेला असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

मुलाच्या नेहमीच्या वागण्याचे एक पान लिहून ते घरातील सर्वांना माहीत असेल अशा जागी ठेवावे. तो किती झोपतो, नजर देतो का, कशाने शांत होतो, दुखल्यावर काय करतो आणि कोणता स्पर्श त्याला चालत नाही, एवढे त्यात असावे. रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरांना याच पानावरून ठरवता येईल की समोरचा मुलगा नेहमीसारखा आहे की नाही. उपचारांच्या खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिझम असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास अर्ज या आठवड्यातच करावा.