प्रश्न तुमचे : विशीतल्या पोराने नेमकं केलं काय?

प्रश्न : फिलिपिन्सचा देशभक्त लेखक होसे रिझाल याच्याबद्दल वाचताना एमिलियो हासिंतो हे नाव सापडलं. त्याला ‘काटिपुनानचा मेंदू’ म्हणतात. पण तो तर जेमतेम विशीतला! एवढ्या वयात त्याने नेमकं केलं काय?
– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : वयाचं नवल पुण्यात तरी वाटायला नको. वासुदेव चाफेकर येरवड्यात फासावर गेला ८ मे १८९९ रोजी, तेव्हा त्यालाही विशीच होती. हासिंतो त्याच्या तीन आठवडे आधी, १६ एप्रिलला गेला. वय २३.

त्याचा जन्म १८७५ चा, मनिलाच्या तोंदो वस्तीतला. सांतो तोमास विद्यापीठातलं कायद्याचं शिक्षण अर्ध्यावर टाकून तो स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या काटिपुनान या गुप्त संघटनेत शिरला आणि तिचा नेता आंद्रेस बोनिफासियो याचा उजवा हात झाला. संघटनेत येणाऱ्यासाठी त्याने तागालोगमध्ये एक छोटी शिकवण लिहिली, ‘कार्तिल्या’. थोर कामी न लागलेलं आयुष्य म्हणजे सावली नसलेलं झाड. कातडी काळी असो की गोरी, माणसं सारखीच. बाईला करमणुकीची वस्तू समजू नका, सोबतीण माना. बोनिफासियोने स्वतःही असाच एक मसुदा लिहिला होता. पोराचं लिखाण वाचल्यावर त्याने आपलं बाजूला ठेवलं. त्या नेत्याचं मन मला इथे फार मोठं वाटतं.

पण माझा जीव अडकतो तो त्यांच्या ‘कालायाआन’ या वर्तमानपत्रात. मी तरुणपणी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो, त्यामुळे ही हकिकत मी हातांनी वाचतो. यंत्र मिळालं, पण खिळे? मनिलातल्या एका स्पॅनिश दैनिकाच्या छापखान्यात संघटनेचे लोक कामाला होते, त्यांनी ते थोडे थोडे बाहेर काढले. शिशाचा खिळा नखाएवढा, पण मूठभर खिशात टाकले की खिसा लोंबायला लागतो आणि चालताना खुळखुळतो. दारावरून रोज तसं बाहेर पडायला छाती लागते. एका पानाला असे हजारो लागतात. त्यातून स्पॅनिश मजकुराला ‘के’ हे अक्षर क्वचितच लागतं, तागालोगला ते पावलोपावली हवं. अंकावर तारीख जानेवारी १८९६ ची, लोकांच्या हाती पडायला मार्च उजाडला. पोलिसांना चकवायला छपाईचं ठिकाण म्हणून जपानमधलं योकोहामा टाकलं होतं. संपादन हासिंतोचं, नाव मात्र स्पेनमध्ये राहणाऱ्या मार्सेलो देल पिलार या फिलिपिनो पत्रकाराचं. त्या एका अंकानंतर संघटनेत माणसांची रीघ लागली. दुसरा अंक निघायच्या आत, ऑगस्टमध्ये, संघटनेचा सुगावा लागला आणि उठाव पेटला.

लेखणीचा माणूस म्हणून तो मागे बसला नाही. रिझालला मनिलाच्या उपसागरात बोटीवर ठेवलं होतं, तेव्हा हा खलाशाच्या वेषात तिथवर पोचला आणि ‘सोडवून नेतो’ म्हणाला, असं सांगतात. रिझालने नकार दिला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्याला गोळ्या घातल्या.

पुढचं वर्ष हासिंतोसाठी अधिक कडू. १० मे १८९७ रोजी बोनिफासियोला मारलं ते परक्यांनी नव्हे, एमिलियो आगिनाल्दोच्या क्रांतिकारी सरकारने. हासिंतो त्या सरकारला मिळाला नाही. लागुना प्रांतात आपली माणसं घेऊन लढत राहिला, १८९८ मध्ये माग्दालेनाजवळ जखमी होऊन पकडला गेला, एका गुप्तहेराचा परवाना दाखवून सुटला. शेवटी माहायहाय गावी हिवतापाने गाठलं.

आता तुम्ही एक करा. ‘कार्तिल्या’ आणि बोनिफासियोचा बाजूला पडलेला मसुदा, दोन्ही इंग्रजीत सहज मिळतात आणि एका बैठकीत वाचून होतात. शेजारी ठेवून वाचा, आणि तुम्ही कोणता निवडला असता ते मला कळवा.