मागे ते लोक काय गातात?

प्रश्न : वांद्र्याला मामाकडे जुन्या रेकॉर्ड्समध्ये द फ्लेमिंगोज या ग्रुपचं १९५९चं 'आय ओन्ली हॅव आइज फॉर यू' ऐकलं. मागचे सगळे सारखं 'डू बॉप शबॉप' करतात, अर्थ शून्य, तरी डोक्यातून जातच नाही. असं काय आहे त्यात? आणि आम्ही सोसायटीतले चौघं गणपतीत गातो, आम्हाला जमेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : अहो अर्थ शोधूच नका, ती वाद्यं आहेत. वाद्यांचं काम गळ्यानेच करायच्या या पद्धतीला डू-वॉप म्हणतात, ते गाणारी बरीचशी मुलं अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधल्या गरीब काळ्या वस्त्यांमधली, वाद्यं घ्यायला पैसे कुठले, मग खर्जवाला 'बोम बोम' करून बास गिटारची जागा भरणार, मधले दोघं-तिघं 'ऊऊ' धरून पेटीसारखा भरणा देणार, एखादा वर बारीक आवाजात फिरणार आणि लीडवाला एकटाच काय ते शब्द गाणार. जिन्यात नाहीतर सबवेत उभं राहायचं, कारण तिथे आवाज घुमतो आणि तो घुमारा फुकट मिळतो.

फ्लेमिंगोज शिकागोचे. गाणं मुळात १९३४च्या सिनेमातलं, यांनी त्याचा पार कायापालट केला. लीड गाणाऱ्या नेट नेल्सनचा आवाज अगदी कानाशी, पियानो एकाच जागी टकटक करत राहतो आणि तो 'शबॉप' मात्र भरपूर एकोमध्ये बुडवलेला, कुठून तरी लांबून येतो. माझ्या मते सगळी जादू त्या अंतरात आहे, सगळे सारखेच जवळ असते तर गाणं नुसतं गोड झालं असतं. (नुसती गोड डू-वॉप गाणी ढिगाने आहेत, तिसऱ्याला कंटाळा येतो.)

जमेल का, तर का नाही जमणार? फाइव्ह सॅटिन्स या दुसऱ्या डू-वॉप ग्रुपने १९५६मध्ये त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या एका चर्चच्या तळघरात रेकॉर्ड केलं होतं, तुमच्याकडे निदान सोसायटीचा हॉल तरी आहे! पण फ्लेमिंगोजच्या त्या गाण्यापासून सुरुवात नको, त्याची हार्मनी अवघड आहे. या पद्धतीच्या कितीतरी गाण्यांत चारच कॉर्ड (म्हणजे एकत्र धरलेले तीन-तीन स्वर) फिरतात, पेटीवर सफेद एक धरा : सा ग प, मग ध सा ग, मग म ध सा, मग प नी रे, आणि परत पहिल्यापासून. सगळे शुद्ध स्वर. तिघांनी एकेक स्वर धरायचा, पण दर वेळी उड्या मारायच्या नाहीत, जवळचा स्वर पकडायचा, म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सा आणि ग वाले जागेवरच, फक्त प वाला ध वर सरकतो. चौथा लीड. खर्जासाठी वेगळा पाचवा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

माईक एकच ठेवा आणि ज्याचा आवाज दबतो त्याला पुढे उभं करा, पूर्वी स्टुडिओतसुद्धा बॅलन्स असाच साधायचे. आणि मंडळाच्या साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की एकोचं बटण पूर्ण फिरवायचं नाही, त्यांना फार हौस असते.