ऑफिसच्या सायकलच्या फ्रेमला तडा गेलाय. वेल्डिंग करून घेऊ की नवीन सायकल घेऊ?

आधी फ्रेमला लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, पुढचं वाचा. नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियम, त्याचं शेवटी सांगतो.

तुम्ही लिहिलंय की तडा बीबीजवळ (पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीत बसतो तिथे) आहे आणि घरचे म्हणतात, भंगारात द्या. त्या 'घरचे म्हणतात'मुळे लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचतो.

आमच्याकडे हे दादा म्हणाला होता. थोरला भाऊ, मेकॅनिकल इंजिनिअर, सायकल चालवत नाही. 2017 चा पावसाळा. मी रोज धायरी ते स्वारगेट जायचो, वडिलांच्या काळ्या 22 इंचीवर. उजव्या पायावर जोर दिला की टक्. एक्सल बदलला, छर्रे बदलले, टक् चालूच. एका रविवारी सायकल उलटी करून रॉकेलच्या फडक्याने पुसली, तर बीबीकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर केसाएवढी तांबूस रेघ. पुसली. भर पावसात एक फेरी मारून आलो, रेघ परत तांबूस. म्हणजे ओरखडा नव्हे, तडा.

दादा म्हणाला, "जोडलेलं ते जोडलेलंच. किलोवर देऊन टाक."

मी हट्टाने कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे नेली. इथे चूक माझी. त्याच्याकडे आर्क वेल्डिंग, हात खिडक्यांच्या पट्ट्यांवर बसलेला, आणि सायकलची नळी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. रॉड टेकवला तसं भोक पडलं. ते बुजवायला आणखी रॉड. वर गांडुळासारखी गाठ आली. तीन आठवड्यांनी राजाराम पुलाच्या सिग्नलला उभं राहून पायडल मारलं आणि गाठ जिथल्या तिथे, तिला लागून नळी चिरली. दादाला फोन केला तर पहिलं वाक्य, "सांगितलं होतं."

मग पेठेतले एक म्हातारे मिस्त्री सापडले, गॅसवर पितळ भरणारे. त्यांनी आधी ती गाठ घासून काढली, रंग खरवडून लोखंड पांढरं केलं आणि तडा जिथे संपत होता तिथे बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. टाकणखार लावून नळी लाल केली आणि पितळेची सळई टेकवली. पितळ पाण्यासारखं फटीत ओढलं गेलं. पितळ 900 अंशांच्या आसपास वितळतं, लोखंडाला 1500 च्या घरात जावं लागतं, त्यामुळे नळी वितळत नाही. नंतर मागच्या एका टोकाला सुतळी बांधून, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणली आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. तीन मिलिमीटरचा फरक निघाला. फ्रेम आडवी पाडून, पाय देऊन तोही काढला. साडेतीनशे रुपये.

आणि जोडलेलं ते जोडलेलंच म्हणणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना हे कोणी सांगावं, की ती फ्रेम कारखान्यातही अशीच झाली होती? लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या लोखंडी बाहीत, नळ्या घालून, पितळ भरून. अखंड फ्रेम त्या सायकलला कधी नव्हतीच.

तर, लोखंडी असेल तर गॅसवाला शोधा, ग्रिलवाला नको. 'नुसती फ्रेम बदलू' म्हणणाऱ्याचं पटकन ऐकू नका. साध्या काळ्या सायकलला ते जमतं, गिअरवालीला नवी फ्रेम आणली की सीटपोस्टची जाडी जुळत नाही, बीबी जुळत नाही, आणि सुट्या भागांत नवीन सायकलीचे पैसे जातात.

हे आधी सांगायला हवं होतं: बीबीच्या खालून पेचकसाने टोचून बघा. आत गेला तर फ्रेम आतून गंजली आहे, पितळ धरायला लोखंडच उरलेलं नाही. धडकेने हँडलखालच्या नळीला सुरकुती पडली असेल तरी सोडून द्या. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला तडा असेल तर वेल्डिंगचं नावही काढू नका, तो बदलायचाच. तुटला तर दातांवर पडाल. ॲल्युमिनियमवाल्यांनी फ्रेमची वॉरंटी आहे का बघावं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या धातूला दिलेला ताव उतरतो, पुन्हा भट्टीत घालून तो आणणारा तुम्हाला गल्लीत मिळणार नाही. तिथे दादाचं खरं.

माझी अजून चालते. ग्रिलवाल्याचे दीडशे धरले तरी सगळे मिळून पाचशे. दादा म्हणतो, त्यात दोन अर्ध्या दिवसांच्या रजा आणि चार दिवसांचं बसभाडं धर. बसभाडं मी धरतो. रजा कशाला धरायच्या, त्या तशाही वाया जाणार होत्या.