मोठ्या इंजिनिअरिंग प्रकल्पात माणसं नेमताना फझी लॉजिकचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण कुठे होतो ते नीट समजून घ्या. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून इरेक्शनच्या, म्हणजे साइटवर स्ट्रक्चर उभारायच्या कामांचं प्लॅनिंग करतो. कुठल्या साइटवर कोणाला पाठवायचं हा रोजचाच विषय, आणि सिंहस्थाची कामं निघाल्यापासून तर जास्तच. तुमची शंका अशी की अनुभव, हुशारी, जबाबदारी या गोष्टी आकड्यात बसवायच्या कशा?

बर्कलीचे प्राध्यापक लोत्फी झादे यांनी १९६५ साली नेमका हाच मुद्दा घेतला. 'उंच माणसं' या गटाला काटेकोर सीमा नसते. माणूस त्यात ० ते १ मधल्या कितीही प्रमाणात बसू शकतो. फझी लॉजिक याच कल्पनेवर उभं आहे. जपानमधल्या सेंदाईची मेट्रो १९८७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा वेग आणि ब्रेक याच पद्धतीवर चालत.

नेमणुकीत 'किमान १० वर्षं' लिहिलं की ९ वर्षं १० महिनेवाला बायोडेटा चाळतानाच गळतो. त्याऐवजी ४ वर्षांपर्यंत ०, १० वर्षांपासून पुढे १ आणि मधे सरळ रेषा धरा. तो माणूस ०.९७ वर येतो, ७ वर्षंवाला ०.५ वर. हा ०.५ म्हणजे 'यशाची शक्यता ५० टक्के' नव्हे. 'अनुभवी' हा शब्द त्याला निम्मा लागू पडतो, एवढंच.

खरी मेख पुढे आहे. समजा स्ट्रक्चर उभारणीसाठी सुपरवायझर हवाय. पहिल्याचा अनुभव १, पण सगळा वर्कशॉपमधला. उंचीवरच्या कामाचा सराव ०.३. दुसऱ्याचा अनुभव ०.५, सराव ०.८. सरासरी काढली तर दोघेही ०.६५, बरोबरीत! फझी नियमात 'अनुभव आणि सराव' म्हटलं की साधारणपणे दोन्हींतला लहान आकडा घेतात. मग पहिला ०.३, दुसरा ०.५. चाळीस मीटरवर गर्डर बसवताना वर्कशॉपमधली वर्षं उपयोगी पडत नाहीत, हे प्रत्येक फोरमनला माहीत असतं. सरासरी ते झाकते, हा नियम उघड करतो. माझ्या मते या पद्धतीची सगळी किंमत इथे आहे. कुठे एक गुण दुसऱ्याची उणीव भरून काढतो आणि कुठे नाही, हे बायोडेटा उघडण्याआधी चार जणांनी बसून ठरवावं लागतं. 'आपला माणूस' आत सरकवणं मग अवघड होतं.

जिथे कायदा हो किंवा नाही म्हणतो, तिथे हे आणू नका. आयबीआर (बॉयलरचे सरकारी नियम) वेल्डर परीक्षा पास आहे किंवा नाही, ०.८ पास असं काही नसतं. अशा अटींची चाळणी आधी लावा.

निकषही मोजके ठेवा. पाच निकष आणि प्रत्येकाच्या कमी, मध्यम, जास्त अशा तीन पातळ्या धरल्या तर प्रत्येक जुळणीला एक असे २४३ नियम होतात, ते कोणी मनापासून लिहीत नाही. तीन निकषांचे २७ होतात, ते एका बैठकीत उरकतात. सॉफ्टवेअरही लागत नाही, एक्सेल पुरतं.

सुरुवात संपलेल्या प्रकल्पापासून करा. त्या वेळच्या माणसांचे आकडे काढा आणि कोणाचं काम कसं झालं ते साइट इंचार्जला विचारा. त्याचं मत आणि तुमचे आकडे जुळत नसतील तर रेषा कुठे सुरू होते, कुठे संपते ते बदला, आणि मगच नव्या नावांना हात घाला.