अंतराळयुगाच्या सुरुवातीला लष्कराचे संशोधन उपग्रह इतक्या कमी खर्चात कसे व्हायचे?

जुना गोळा, उसनं रॉकेट आणि एका गोळ्यात दोन कामं. माझं आवडतं उदाहरण अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेचं आहे: सोलरॅड-१ हा उपग्रह.

२२ जून १९६० ला केप कॅनव्हेरलहून जे रॉकेट उडालं, ते मुळात ट्रान्झिट २ए या नौदलाच्याच दिशादर्शक उपग्रहासाठी होतं. १९ किलोचा सोलरॅड त्याच्या डोक्यावर बसून गेला. ५१ सेंटिमीटरचा गोळाही व्हॅनगार्ड या आधीच्या अमेरिकी उपग्रह प्रकल्पाच्या घडणीतलाच.

उघड काम सूर्याचे क्ष-किरण मोजायचं. नौदलाला त्याचं काय? तर दिवसाढवळ्या शॉर्टवेव्ह संदेश अचानक गायब व्हायचे आणि जहाजांशी बोलणंच तुटायचं. (रात्री रेडिओ सिलोनचा आवाज वरखाली व्हायचा, ते प्रकरण वेगळं.) प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रिडमन यांच्या गटाचा संशय सूर्याच्या क्ष-किरणांवर होता. पण व्हॅन ॲलन पट्ट्यातले (पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे पट्टे) इलेक्ट्रॉन मापकावर आदळून सगळी मोजणी बिघडवायचे. तोडगा काय, तर मापकासमोर लोहचुंबक! इलेक्ट्रॉन वळतात, क्ष-किरण सरळ आत येतात. संशय खरा ठरला.

छुपं काम १९९८ पर्यंत बाहेर आलं नाही. त्याच गोळ्यात ग्रॅब नावाचं उपकरण होतं, सोव्हिएत रडार टिपणारं. रीड मेयो हा त्याच प्रयोगशाळेतला अभियंता पाणबुडीच्या पेरिस्कोपवर बसवायच्या, शत्रूच्या रडारची चाहूल देणाऱ्या यंत्रावर काम करायचा. १९५८ मध्ये हिमवादळामुळे पेनसिल्व्हेनियातल्या एका रेस्टॉरंटमध्ये अडकला, बायकामुलं झोपलेली, आणि त्यानं ताटाखालच्या कागदावर हिशोब मांडला की हेच यंत्र कक्षेतून चालेल का. चालत होतं. यंत्र तरी किती साधं: रडारचा स्पंद आला की दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर लगेच खाली पाठवायचा. साठवण नाही, विश्लेषण नाही. खाली छोट्या खोपट्यांत बसलेली माणसं टेपवर रेकॉर्ड करायची. माझ्या मते स्वस्ताईचं खरं गमक हेच, डोकं सगळं जमिनीवर ठेवलं.

अमेरिकेचं यू-२ हेरविमान सोव्हिएत हद्दीत पाडलं गेलं १ मे १९६० ला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ग्रॅबच्या उड्डाणाला मंजुरी दिली ५ मेला.

उसन्या गाडीचे तोटेही होते. ३० नोव्हेंबर १९६० ला दुसऱ्या सोलरॅडचं रॉकेट मधेच बंद पडलं आणि तुकडे क्यूबात कोसळले. एक गाय मेली म्हणतात, क्यूबानं निषेधही नोंदवला. २९ जून १९६१ ला सोलरॅड-३ सोबत इंजुन-१ हा आयोवा विद्यापीठाचा उपग्रह होता. दोघं कक्षेत पोचले, पण एकमेकांपासून सुटलेच नाहीत. एकाच्या संदेशात दुसऱ्याची लुडबुड, म्हणून माहिती एक दिवसाआड घ्यावी लागायची, आमच्याकडे नळाला पाणी येतं तशी.