निर्दोष सुटलात, पण घड्याळ चालू आहे

प्रश्न: मी सराफी पेढीत अकरा वर्षं दिवाणजी होतो. पगारवाढीवरून वाद झाला आणि आठवड्याभरात मालकाने माझ्यावर पाटली चोरल्याची फिर्याद दिली. चार दिवस कोठडीत काढले. साडेतीन वर्षांनी, १७ ऑक्टोबरला निर्दोष सुटलो. ती पाटली कारागिराकडे झिलईला गेल्याची नोंद मालकाच्याच वहीत निघाली. निकालाच्या नकलेची वाट पाहण्यात जुलै उजाडला. आता मालकाविरुद्ध काय करता येईल?

उत्तर: आधी तारखेचं बोलू. द्वेषापोटी केलेल्या खोट्या खटल्याबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावता येतो, पण १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे त्याला निर्दोष सुटल्यापासून एकच वर्ष मिळतं. नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलात वजा होतात, दाव्यात नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही मुदत थांबत नाही. म्हणजे तुमच्या हातात तीन महिने आहेत.

सुटका झाली म्हणून दावा आपोआप जिंकला, असं मात्र होत नाही. मालकाने वाजवी कारण नसताना आणि वाईट हेतूने तुम्हाला गुंतवलं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. त्याला खरोखर संशय आला आणि तो चुकला, एवढंच निघालं तर दावा पडेल. म्हणून सगळी मदार त्या वहीवर आहे. नोंदीपुढे सही कुणाची? मालकाची असेल आणि तारीख फिर्यादीच्या आधीची असेल, तर पाटली कुठे आहे हे ठाऊक असूनही तो पोलिसांत गेला असं म्हणता येतं. सही नोकराची असेल, तर काम अवघड. त्या पानाची आणि मालकाच्या उलटतपासाची सही-शिक्क्याची नक्कल आजच मागा. पगारवाढीच्या वादाचे काही मेसेज असतील तर तेही जपा. निकालात ‘संशयाचा फायदा’ हे शब्द आहेत का, तेही पाहा. असले तरी दावा बुडत नाही, पण मेहनत वाढते.

मालकाला शिक्षा व्हावी असंही तुम्हाला वाटत असणार. फिर्याद १ जुलै २०२४ पूर्वीची, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याआधीची असल्याने जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २११ (नुकसान करण्याच्या हेतूने खोटा आरोप करणं) लागेल. मात्र इथे तुम्ही स्वतः खटला भरू शकत नाही. ज्या न्यायालयाने सोडलं, त्याच्याकडे अर्ज करायचा आणि तक्रार त्या न्यायालयानेच करायची. न्यायालयं यात फार उत्साह दाखवत नाहीत, हा माझा अनुभव. अर्ज जरूर करा, पण त्याच्या निकालासाठी दावा अडवून ठेवू नका.

निकाल देतानाच दंडाधिकाऱ्याला फिर्यादीकडून भरपाई देववता आली असती, ती वेळ गेली. विनाकारण अटकेबद्दलची वेगळी भरपाई तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जास्तीत जास्त १,००० रुपयेच आहे, तिची हळहळ नको.

भरपाईच्या आकड्यासाठी वकिलाच्या फीच्या पावत्या, बुडालेला पगार आणि अटकेनंतर नोकरी नाकारल्याचा काही लेखी पुरावा असेल तर तो काढून ठेवा. आणि १७ ऑक्टोबरपर्यंत ताणू नका, सप्टेंबरमध्येच दावा दाखल करा.