उन्हाळ्याच्या सुट्टीत सहलीला घरून काय करून न्यावं?

जोडून सुट्टी आहे, दहा-बारा जण समुद्रावर जाणार, घरी करून नेता येईल असं सोपं आणि थंड काहीतरी सांगा, ओट्याशी फार वेळ उभं राहायचं नाही, असा तुमचा प्रश्न. त्यावर तिघाचौघांनी पास्ता सॅलड आणि मेयोनेज लावलेली सँडविचं सुचवलेली दिसली. मे महिन्यात मेयोनेज, तेही गाडीच्या डिकीत. धन्य आहे.

घाईत असाल तर एवढंच वाचा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, भडंग, पन्ह्याचा गर. झालं. वेळ असेल तर पुढचं वाचा, कारण याच प्रश्नावरून माझ्यावर एक डाग लागलेला आहे आणि तो पुसायची संधी मी सोडणार नाही.

२०१५ साली १ मे शुक्रवारी आला होता आणि सोमवारी, ४ तारखेला, बुद्धपौर्णिमा. मधल्या शनिवारची रजा टाकली की सलग चार दिवस सुट्टी. मी तेव्हा बँकेत होतो. बँकेतला माणूस नवं कॅलेंडर भिंतीवर लावायच्या आधी असले योग हेरून ठेवतो. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जायचं ठरलं. दोन गाड्या, अकरा माणसं, त्यात सासूबाई. आमचे थोरले साडू पहिल्यापासून म्हणत होते, "डबेबिबे कशाला? रस्त्यात मस्त थाळी खाऊ." मी म्हटलं, चार दिवस सुट्टी म्हणजे निम्मं पुणं त्याच रस्त्यावर असणार, थाळी काय रिकामी बसलीय तुमच्यासाठी? सकाळच्या नाश्त्याला मी दडपे पोहे आणतो.

आमच्याकडे रविवारचा नाश्ता माझ्याकडे असतो आणि माझ्या दडप्या पोह्यांना सोसायटीत नाव आहे. पहाटे साडेचारला उठलो. अर्धा किलो पातळ पोहे, दोन नारळ खवून, नारळाचंच पाणी शिंपडून, चार कांदे बारीक चिरून, मिरची, लिंबू, मीठ-साखर, वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. सगळं हाताने कालवून मोठ्या स्टीलच्या डब्यात दाबून भरलं आणि झाकण लावलं. साडेपाचला निघायचं, आठच्या सुमाराला घाट उतरून कुठेतरी सावलीत खायचं. तोवर पोहे मस्त मुरलेले असतात. हिशोब चोख होता.

साडू आले पावणेनऊला. सीएनजीच्या रांगेत होते. चार महिने आधी ठरलेली सहल, आणि या गृहस्थांना गॅस भरायचं सुचलं निघायच्या दिवशी पहाटे! तोवर सगळ्यांचा चहा-खारी खाऊन झालेला, त्यामुळे "आता जेवायलाच खाऊ" असं बहुमताने ठरलं. माझ्या गाडीत जागा नव्हती म्हणून डबा गेला साडूंच्या डिकीत, मुलांच्या बॅगांच्या खाली. वरून ऊन. ताम्हिणी बरा गेला, पण निजामपूर सोडलं आणि गाड्यांची शेपटी लागली. माणगावला महामार्ग ओलांडायलाच सव्वा तास. म्हसळ्याच्या अलीकडे एका आंब्याखाली थांबलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

डबा मीच उघडला. झाकण काढताना फट् असा आवाज आला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. झाकणाला आतून थेंब लटकत होते. चमच्याने पोहे उचलले तर चमचा आणि डबा यांच्यामध्ये बारीक तार, कोळ्याच्या जाळ्यासारखी, उन्हात चमकणारी. वास तर विचारू नका, नासलेलं खोबरं आणि शिळा कांदा. सासूबाई पुढे झाल्या, वास घेतला, एक शब्द न बोलता झाकण परत लावलं आणि डबा बाजूला ठेवला. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोलले साडू. "म्हटलं होतं ना."

पुढे एका खानावळीत विचारलं तर पहिली पंगत उठलेली, दुसरीला दीड तास. अकरा माणसं, त्यात तीन पोरं रडकुंडीला आलेली. तेव्हा सासूबाईंनी आपली कापडी पिशवी उघडली. बार्शीच्या आहेत त्या. सुती फडक्यात बांधलेल्या वीस-बावीस दशम्या आणि एका बाटलीत शेंगदाण्याची चटणी. कुणालाही न सांगता आदल्या रात्री करून ठेवलेल्या. प्रत्येकाला दोन-दोन येतील एवढ्या.

साडूंनी पाच खाल्ल्या. हा तपशील ते कधीही सांगत नाहीत. घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत गोष्ट निघते ती अशी: "आमचे साडू म्हणजे दिवेआगरला नारळ घेऊन जाणारा माणूस, आणि तोही नासका." लोक हसतात. निष्कर्ष असा, की उन्हाळ्यात घरचं अन्न टिकत नाही, बाहेर खावं. आणि हे बोलतंय कोण, तर घरच्या पाच दशम्या खाऊन वर चटणीची बाटली पुसून घेतलेला माणूस.

आता मुद्द्याचं. ओलं खोबरं, चिरलेला कांदा, मीठ आणि पाणी एकत्र कालवून बंद डब्यात घालून उन्हात ठेवलंत की ते विटणारच, कुणाच्याही हातचं असलं तरी. दोन-तीन तासांत खाल्लं तर अमृत, नऊ तासांनी विष. म्हणून दडपे पोहे न्यायचेच असतील तर सुटे न्या. पातळ पोहे उन्हात तापवून कोरडे एका पिशवीत. फोडणी थंड करून छोट्या बाटलीत, तिच्यातच तळलेले शेंगदाणे. कांदा, मिरची, लिंबू अख्खे. नारळ अख्खा, आणि सोबत विळी नाहीतर खवणी. जिथे बसाल तिथे दहा मिनिटांत कालवून होतात, वर एखादं जड ताट पालथं घालून अर्धा तास दडपा, तोवर पोरं पाण्यात खेळतील. कोकणात जाणार असाल तर नारळसुद्धा नेऊ नका. एवढ्यापुरतं साडूंचं बरोबर आहे.

दशम्यांची गंमत अशी की त्यात पाणी घालायचंच नाही. कणीक, मीठ, चमचाभर तेलाचं मोहन, आणि भिजवायची सगळी दुधात. कोमट दुधात गूळ विरघळवून गोडाच्या करतात त्याही छान. पोळीपेक्षा जरा जाड लाटायच्या आणि तूप किंवा तेल सोडून भाजायच्या. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, तोडायला दात लागत नाहीत. पण खरी मेख पुढे आहे: गरम दशमी डब्यात घालायची नाही. सासूबाई प्रत्येक दशमी आधी फडक्यावर पसरून पूर्ण गार करतात, मगच एकावर एक. गरम भरली की वाफ धरते, डब्याला घाम सुटतो आणि संध्याकाळपर्यंत वास मारायला लागते. माझ्या झाकणाला लटकणारे थेंब आठवतात ना? पोहे मी गरम फोडणीसकट बंद केले होते. तेवढी चूक माझी, बाकीची सीएनजीची.

तुम्हाला थंड काहीतरी हवंय, तर दहीभात. लोक दह्यात भात कालवून नेतात आणि दुपारी तो एवढा आंबट होतो की डोळे मिटतात. तसं करायचं नाही. भात जरा गिचका शिजवा, पळीने घोटा, कोमट होऊ द्या. एक वाटी तांदळाच्या भाताला दोन-अडीच वाट्या तापवून कोमट केलेलं दूध घाला आणि विरजणापुरतं चमचाभर दही. आलं किसून, मीठ बेताचं. सकाळी सैलसर दिसतो, तुम्हाला वाटेल पातळ झाला. मे महिन्यातल्या उष्म्याने वाटेतच विरजण लागतं आणि बारा-एक वाजता डबा उघडाल तेव्हा गोडसर, नुकता लागलेला दहीभात असतो. सांडगी मिरची तळून वेगळ्या डबीत न्या आणि वाढताना वरून चुरा. काकडी तिथे चिरा. घरून चोचवून मीठ लावून नेलेल्या काकडीचं पाणी होतं आणि दाण्याचं कूट त्यात पोहत बसतं. बायका हे जाणतात, पण माझ्यासारखे नवशिके दरवर्षी करतात म्हणून सांगितलं.

पन्हं बाटल्या भरभरून न्यायची गरज नाही. कैऱ्या कुकरला उकडा, गर काढा, गराच्या दीडपट गूळ, मीठ, वेलची, हवं तर केशर. हा घट्ट गर छोट्या बरणीत मावतो. तिथे एकाला चार-पाच या हिशोबाने गार पाणी घाला. अकरा माणसांना एक बरणी पुरून उरते. भडंगावर मी वेगळं काय सांगू? जयसिंगपूरचं विकतचं आणा किंवा घरी करा, पंधरवडा टिकतं. फक्त कांदा-कैरी तिथेच चिरून घाला. कैरी-कांद्याचा तक्कू मात्र त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवायचा, कारण त्यातही कांदा आहे. आणि आमरस कृपा करून नेऊ नका, आंबे न्या.

सँडविच करायचीच असतील तर दोन्ही ब्रेडना लोणी लावून मग पुदिन्याची चटणी, म्हणजे ब्रेड ओला होत नाही. उकडलेला बटाटा टाळा. सँडविचबद्दल मला याहून जास्त मत नाही.

२०१९ ला आम्ही परत दिवेआगरला गेलो. साडू होतेच. मी पोहे कोरडे नेले, फोडणी बाटलीत. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंकडून वाडीतले दोन नारळ घेतले आणि त्यांच्याच पडवीत विळी मागून खवायला बसलो. साडूंनी दोनदा घेतले. मी विचारलं, "कसे झालेत?" तर म्हणाले, "नारळ ताजा आहे." बघा आता. नारळाचं कौतुक, माझं नाही.

थोड्या सूचना राहिल्या. दहीभात आंबूस लागला तर बिनधास्त खा, पण तार सुटली, फेस दिसला किंवा वास बदलला तर चव घेऊन खात्री करत बसू नका, टाकून द्या. सोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर शंका आली तरी टाका. डबा डिकीत ठेवू नका, पुढे पायाशी, एसीच्या वाऱ्यात ठेवा. वर मी घरचं-घरचं एवढं लावून धरलंय, पण कोकणात जाऊन एक वेळ तरी तिथल्या घरगुती खानावळीत सोलकढी-भात खायलाच हवा. आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगा, जोडसुट्टीत आयत्या वेळी पान मिळत नाही.

आणि गाडी सीएनजीवर असेल तर गॅस आदल्या रात्रीच भरून ठेवा.